ट्वॅप लावला की भाव फुगवणारा थांबतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या आयटी पार्कात काम करणारे तिघे जण एक लहान कर्ज-प्रोटोकॉल (ब्लॉकचेनवर तारण घेऊन आपोआप कर्ज देणारी प्रणाली) बांधतायत. त्यांचं स्वतःचं टोकन तारण ठेवून यूएसडीसी (डॉलरला बांधलेलं क्रिप्टो नाणं) उचलता येणार. पूलमध्ये, म्हणजे जिथे या दोन्हींची अदलाबदल होते त्या साठ्यात, १० लाख टोकन आणि १ लाख यूएसडीसी आहेत, म्हणजे भाव ०.१० डॉलर. एलटीव्ही, म्हणजे तारणाच्या किमतीवर मिळणाऱ्या कर्जाचं प्रमाण, ७५ टक्के. कर्जाच्या गल्ल्यात ३ लाख यूएसडीसी, त्यातले बरेचसे इतवारी आणि वर्धमाननगरच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांचे. टोकनचा भाव सरळ पूलच्या साठ्यावरून काढला जातो, आणि कोड तपासणाऱ्या ऑडिटरने नेमका त्यावरच 'हाय' (गंभीर धोका) शेरा मारलाय. आता विचारणं असं की ३० मिनिटांचा ट्वॅप, म्हणजे तेवढ्या वेळातल्या भावांची सरासरी, लावला आणि फ्लॅश लोनवाल्यांना (बिनतारण कर्ज घेऊन ते त्याच व्यवहारात फेडणाऱ्यांना) अडवलं तर काम झालं का? पुढे एलपी टोकनही (पूलमध्ये पैसे ठेवल्याची पावती) तारण म्हणून घ्यायचा विचार आहे. चेन (ब्लॉकचेन) अजून ठरलेली नाही.

भाऊ, एवढ्याने काम होत नाही. आणि इथे दुसऱ्यांचे पैसे आहेत म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

'भाव कुठून घ्यायचा' हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की भाव खोटा ठरला तर त्याच्या जोरावर तुमच्या गल्ल्यातून किती रक्कम बाहेर जाऊ शकते, आणि तो भाव खोटा पाडायला समोरच्याला किती खर्च येतो? पहिली रक्कम दुसरीपेक्षा मोठी असेल तर ओरॅकल (प्रोटोकॉलला भाव पुरवणारी सोय) कोणताही लावा, कुणीतरी येणारच. कळमन्याच्या बाजारात सकाळी दोन क्रेट संत्र्यांची बोली चढवायची आणि त्या भावाने गोदामातल्या सगळ्या मालावर कर्ज मागायचं, असा हा प्रकार आहे. तिथे कोणी देणार नाही. तुमचं कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा कोड) मात्र आत्ता देतंय.

तुमचेच आकडे घेऊन बघू. युनिस्वॅप या टोकन-अदलाबदलीच्या बाजाराच्या व्ही-२ आवृत्तीसारख्या पूलमध्ये दोन्ही साठ्यांचा गुणाकार कायम राहतो. कोणी १ लाख यूएसडीसी टाकून टोकन उचलले, तर यूएसडीसीचा साठा २ लाख होतो, टोकन सुमारे ५ लाख उरतात आणि भाव ०.४० च्या घरात जातो. साठा दुप्पट झाला की भाव चौपट होतो. खरेदी करणाऱ्याच्या हातात सुमारे ४,९९,००० टोकन आले. ते तुमच्याकडे तारण ठेवले की नव्या भावाने त्यांची किंमत १,९९,४०० यूएसडीसी दिसते आणि ७५ टक्क्यांनी सुमारे १,४९,५०० कर्ज मिळतं. सुरुवातीचे १ लाख फ्लॅश लोनचे होते, ते अगदी किरकोळ शुल्कासह परत गेले. ४९ हजारांहून जास्त त्याच्या खिशात, आणि हे सगळं एकाच व्यवहारात. तुमच्याकडे टोकनचा ढीग राहतो, ज्याचा खरा भाव अजून १० सेंटच आहे, आणि तुम्ही विकायला काढलात तर तोही मिळणार नाही.

इथे बहुतेक जण म्हणतात, "मग एलटीव्ही कमी करू." त्याचंही गणित मांडून बघा. भाव जितका पट वाढवला त्याचं वर्गमूळ घ्या आणि एलटीव्हीने गुणा. उत्तर १ च्या वर गेलं की हल्ला फायद्यात. ७५ टक्क्यांना भाव १.७८ पट पुरतो. ५० टक्क्यांवर आणलात तर त्याला चौपटीच्या वर जावं लागेल. २५ टक्क्यांना सोळापटीच्या वर, आणि त्यासाठी ३ लाखांपेक्षा थोडं जास्त टाकावं लागेल. फ्लॅश लोन घेणाऱ्याला ३ लाख ही काही मोठी रक्कम नाही. म्हणजे एलटीव्ही कमी केल्याने हल्ला महाग होतो, बंद होत नाही. त्याला थांबवतं ते एवढंच, की गल्ल्यात तेवढे पैसे नसतात किंवा तुम्ही एकूण कर्जावर मर्यादा घातलेली असते.

आणि हा झाला बाहेरून आलेला, हातात एकही टोकन नसलेला माणूस. ज्याच्याकडे आधीपासून २ लाख टोकन आहेत त्याला तर पूल फुगवून ठेवायचीही गरज नाही. तो पूल चौपट फुगवतो, स्वतःचे २ लाख टोकन तारण ठेवतो, ६० हजार उचलतो आणि लगेच पूलमधून घेतलेले टोकन पूललाच परत विकतो. या जाण्यायेण्यात ०.३ टक्के शुल्कापोटी त्याचे साधारण ३०० यूएसडीसी जातात. ३०० खर्चून २० हजारांच्या मालावर ६० हजार. ऑडिटरने 'हाय' लिहिलं ते याच कारणाने, आणि बरोबर लिहिलं. पूलचा त्या क्षणाचा साठा वाचून भाव ठरवणं आजच काढून टाका, यावर दुसरं मत नाही.

आता फ्लॅश लोन अडवण्याबद्दल. व्यवहार सुरू करणारा आणि कॉन्ट्रॅक्टला बोलावणारा एकच पत्ता आहे का, ही तपासणी लोक अजून लावतात. तिच्यामुळे मल्टिसिग (अनेक सह्यांचं) आणि स्मार्ट (कोडवर चालणारं) वॉलेट वापरणारे प्रामाणिक गिऱ्हाईक बाहेर राहतात. आणि इथेरियमच्या मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर साध्या पत्त्यालाही कोड जोडता येतो, त्यामुळे ती भिंत तशीही पोकळ झालीय. त्यापेक्षा तारण ठेवणं आणि कर्ज उचलणं यांत काही ब्लॉकचं (ब्लॉक म्हणजे चेनवर एका वेळी नोंदला जाणारा व्यवहारांचा गट) अंतर सक्तीचं करा. एकाच व्यवहारात उरकायची सोय त्याने खरोखर जाते. पण फ्लॅश लोन हे फक्त भांडवल आहे. ज्याच्याकडे स्वतःचं भांडवल आहे त्याला ते लागतच नाही.

मँगो मार्केट्स या क्रिप्टो-बाजाराचं ऑक्टोबर २०२२ चं प्रकरण यासाठीच नीट समजून घ्या. तिथे फ्लॅश लोन नव्हतं आणि ओरॅकलमध्ये बिघाडही नव्हता. अव्राहम आयझेनबर्ग या व्यापाऱ्याने दोन खात्यांत प्रत्येकी ५० लाख यूएसडीसी ठेवले आणि एका खात्यातून दुसऱ्याशीच सुमारे ४८.३ कोटी एमएनजीओचा (मँगोचं टोकन) पर्पेच्युअल सौदा (मुदत नसलेला वायदा) केला, भाव साधारण ३.८ सेंट. मग खऱ्या बाजारात, जिथून ओरॅकल भाव घेत होतं तिथेच, टोकन खरेदी करत भाव ९१ सेंटपर्यंत चढवला. ओरॅकलने जे खरंच घडत होतं तेच सांगितलं. कागदावरच्या त्या नफ्याच्या जोरावर ११ कोटी डॉलरहून जास्त मालमत्ता बाहेर गेली. पुढे त्याने सुमारे ६.७ कोटी परत केले. ज्यूरीने एप्रिल २०२४ मध्ये त्याला दोषी ठरवलं आणि मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला. त्यामुळे 'पकडला जाईल' हा तुमच्या सुरक्षेचा भाग धरू नका.

आता ट्वॅप. तो काय करतो? भाव एका क्षणासाठी नाही, तर वेळभर फुगलेला ठेवायला लावतो. इथेरियमवर १२ सेकंदांचा ब्लॉक धरला तर ३० मिनिटांत १५० ब्लॉक येतात. व्ही-२ च्या साध्या सरासरीत एकाच ब्लॉकच्या जोरावर सरासरी दुप्पट करायची तर त्या ब्लॉकमध्ये भाव १५१ पट लागतो, म्हणजे तुमच्या पूलमध्ये सुमारे ११.३ लाख यूएसडीसी टाकून ते पुढच्या ब्लॉकपर्यंत उघडे ठेवावे लागतात. तेवढ्यात कोणीही टोकनधारक येऊन विकून ते घेऊन जाऊ शकतो. लागोपाठचे दोन ब्लॉक बनवायची पाळी ज्याच्याकडे आलीय त्याला मात्र ही भीती नाही, आणि ती पाळी त्याला आधीच कळलेली असते. युनिस्वॅप व्ही-३ मध्ये सरासरी भूमितीय (गुणाकारावर आधारलेली) असते, त्यामुळे एका ब्लॉकच्या उडीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. पण तिथे दोन खाचा आहेत. एक, नव्या पूलमध्ये निरीक्षणांची (जुन्या भावांच्या नोंदींची) जागा एकच असते. ती वाढवून घेतली नाही तर तुमचा ३० मिनिटांचा ट्वॅप चालणारच नाही. दुसरी, लिक्विडिटी (पूलमध्ये ठेवलेला पैसा) भावाच्या अरुंद पट्ट्यात असेल तर त्या पट्ट्याबाहेर भाव कुठेही न्यायला जवळपास काहीच लागत नाही. ट्वॅपसाठी पूर्ण पट्ट्यातली लिक्विडिटी मोजा, डॅशबोर्डवरचा एकूण आकडा नाही.

ट्वॅपचा सगळा भार एका गृहीतकावर आहे: भाव वर गेला की कोणीतरी येऊन विकेल आणि तो खाली आणेल. तुमचं टोकन एकाच पूलमध्ये आहे. दुसऱ्या बाजारातून आणून विकणारा आर्बिट्राजवाला इथे नाहीच. विकणार ते फक्त टोकनधारक. बहुतेक टोकन तुमच्या तिघांकडे कुलपात आणि उरलेले झोपलेल्या वॉलेटांत असतील, तर रात्री ३ वाजता अर्धा तास भाव चौपट ठेवणं अवघड नाही. इन्व्हर्स फायनान्स या कर्ज-प्रोटोकॉलकडे एप्रिल २०२२ मध्ये ट्वॅपच होता. पातळ पूल हलवून तिथून सुमारे १.५६ कोटी डॉलर गेले.

मग मर्यादा किती ठेवायची? ट्वॅप लावल्यावर हल्लेखोराचं जास्तीत जास्त किती बुडू शकतं ते काढा. त्याने १ लाख टाकून भाव चौपट केला आणि बाकीच्यांनी त्या भावात ५ लाख टोकन विकून पूल पुन्हा मूळ जागी आणला असं धरा. त्याच्याकडे ५ लाख टोकन उरले. ते विकायला गेला तर ३३ हजारच मिळतात, म्हणजे त्याची जोखीम सुमारे ६७ हजारांची. पण हे लोकांनी विकलं तर. त्यांनी नाही विकलं तर जोखीम त्याहून बरीच कमी. ही अनिश्चितता धरून मी पूलमधल्या यूएसडीसीच्या बाजूचे १५ ते २० टक्के ही एकूण कर्जाची मर्यादा मानतो. तुमच्याकडे ती १५ ते २० हजार यूएसडीसी होते. एका खात्याला नाही, त्या टोकनवरच्या सगळ्या कर्जांना मिळून. गल्ल्यात ३ लाख आहेत म्हणून ३ लाख उघडे टाकायचे नाहीत. हा आकडा कडू वाटेल, पण तुमच्या टोकनचा बाजारच तेवढा आहे.

पूलची ही खोली, म्हणजे त्यातला पैसा, कोणाच्या हातात आहे तेही बघा. पूलमधली ७० टक्के लिक्विडिटी एकाच पत्त्याची असेल तर तो माणूस आधी ती काढून घेतो, उरलेल्या उथळ पाण्यात भाव वाटेल तिथे नेतो, आणि राहिलेल्या हिश्शावर शुल्कही त्यालाच मिळतं. मर्यादा ठरवताना फक्त कुलूपबंद एलपी (काढून घेता न येणारी लिक्विडिटी) मोजा, आणि खोली घटली की मर्यादा आपोआप घटेल असं कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहा. हाताने बदलू म्हणाल तर रविवारी दुपारी कोणी बदलणार नाही.

भाव दोन वेगळ्या पद्धतींनी काढा आणि कर्ज देताना त्यातला कमी भाव धरा. यात नवीन काही नाही. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना सोयाबीन-तुरीवर ७५ टक्के कर्ज देते, तिथेही बाजारभाव आणि हमीभाव यांतला जो कमी तोच धरतात. तुमच्यासाठी हमीभावाच्या जागी लांब मुदतीची, समजा २४ तासांची, सरासरी येईल: ३० मिनिटांचा ट्वॅप आणि २४ तासांची सरासरी, जी कमी ती. वर चढायला वेगमर्यादाही घाला; तासाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलेला भाव कर्जासाठी ओळखायचाच नाही. लिक्विडेशनसाठी, म्हणजे तारण विकून कर्ज वसूल करण्यासाठी, मात्र हाच कमी भाव वापरू नका. तिथे उलटा हल्ला होतो: भाव दोन मिनिटं पाडून लोकांचं चांगलं तारण स्वस्तात उचललं जातं. लिक्विडेशन ३० मिनिटांच्या सरासरीवर ठेवा. दोन्ही भावांत १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत पडली तर नवीन कर्ज बंद, परतफेड चालू.

तफावतीची तपासणी एकटी ठेवू नका. हार्वेस्ट फायनान्स या क्रिप्टो-प्रोटोकॉलमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये ३ टक्क्यांची अशी तपासणी होती. हल्लेखोराने प्रत्येक फेरी त्या रेषेखाली ठेवली आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा मारल्या. सुमारे ३.४ कोटी डॉलर गेले. उंबरठ्याबरोबर एका तासात एकूण किती रक्कम बाहेर जाऊ शकते यावरही बंधन हवंच.

बाहेरचा ओरॅकल, उदाहरणार्थ चेनलिंक, तुमच्या टोकनसाठी मिळणार नाही आणि मिळाला तरी मँगोसारखंच होईल, कारण बाजारच पातळ आहे. पण ईथ (इथेरियमचं नाणं) किंवा यूएसडीसीसाठी तो नक्की वापरा. यूएसडीसी म्हणजे १ डॉलर असं कोडमध्ये कोरून ठेवू नका. मार्च २०२३ मध्ये तो ०.९० च्याही खाली गेला होता. भाव वाचताना तो शेवटचा कधी बदलला ती वेळ बघा आणि फीडच्या (ओरॅकलच्या भाव-पुरवठ्याच्या) ठरलेल्या मुदतीपेक्षा जुना असेल तर व्यवहार नाकारा. उत्तर शून्य किंवा ऋण नाही ना ते बघा. लेयर-२ (मुख्य चेनवर बांधलेली दुसरी चेन) घेतलीत तर सीक्वेन्सर (तिथले व्यवहार क्रमाने लावणारा सर्व्हर) चालू आहे का ते बघा, आणि बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल तर तासभर थांबा. फीड थिजलेला ओळखता आला पाहिजे: मे २०२२ मध्ये ल्युना हे नाणं कोसळताना फीड ०.१०७ डॉलरच्या आसपास थांबला, बाजारभाव त्याच्या कितीतरी खाली गेला, आणि लोकांनी बाजारातून कवडीमोलाने ल्युना आणून व्हीनस या कर्ज-प्रोटोकॉलवर तारण ठेवले. सुमारे १.१ कोटी डॉलरचं कर्ज बुडालं.

एलपी टोकनचा विचार सध्या बाजूला ठेवा. ठेवायचाच असेल तर दोन्ही साठ्यांची किंमत जोडून एकूण एलपीने भागायचं, हे अजिबात करू नका. पूल एका बाजूला ढकलला की ती बेरीज फुगते. वॉर्प फायनान्स डिसेंबर २०२० मध्ये यातच सापडलं. बरोबर पद्धत अशी: दोन साठ्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, गुणिले दोन बाहेरच्या, खऱ्या भावांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, गुणिले २, भागिले एकूण एलपी. पूल कितीही ढकलला तरी साठ्यांचा गुणाकार फक्त शुल्काएवढाच हलतो, म्हणून हे टिकतं. पण यात तुमच्या टोकनचा 'खरा भाव' लागतोच, म्हणजे गाडी परत वरच्याच प्रश्नावर येते. व्हॉल्टचे (लोकांचे पैसे एकत्र गुंतवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचे) हिस्से तारण घेणार असाल तर देणगीचा हल्ला लक्षात ठेवा: व्हॉल्टमध्ये सरळ मालमत्ता पाठवली की प्रत्येक हिश्शाचा भाव उडी मारतो. क्रीम फायनान्समधून २७ ऑक्टोबर २०२१ ला सुमारे १३ कोटी डॉलर असेच गेले. व्हॉल्टची शिल्लक टोकन कॉन्ट्रॅक्टला विचारून घेऊ नका. आत आलेल्या रकमेचा हिशेब स्वतः ठेवा.

हे सगळं कागदावर पटवून घेण्यात अर्थ नाही, चालवून बघा. फाउंड्रीत (कॉन्ट्रॅक्ट तपासायचं साधन) ताज्या ब्लॉकचा फोर्क (चेनची चाचणीसाठीची प्रत) घ्या. चाचणीच्या खात्यात ५० लाख यूएसडीसी आणि तुमच्या टोकनच्या पुरवठ्याचा ५ टक्के हिस्सा टाका. भाव २, ४, १० आणि १०० पट करा, प्रत्येक वेळी तारण ठेवून जास्तीत जास्त कर्ज उचला. मग वेळ आणि ब्लॉक दोन्ही पुढे ढकला: एक ब्लॉक, ५ मिनिटं, ३० मिनिटं, २ तास. मध्ये कोणीच विकत नाही असं धरा, कारण वाईटात वाईट तेच. शेवटी सगळं मूळ भावाने मोजा आणि खात्यात सुरुवातीपेक्षा जास्त निघालं तर चाचणी नापास. हीच चाचणी भाव खाली पाडून लिक्विडेशनसाठी, आणि अर्धी लिक्विडिटी काढून पुन्हा. वेळ पुढे ढकलून ब्लॉक न ढकलणं ही नेहमीची चूक आहे. मग ब्लॉकच्या अंतराची तुमची अट तपासलीच जात नाही आणि चाचणी खोटी हिरवी दिसते.

थांबवण्याचं बटण तीनपैकी दोन सह्यांचं ठेवा. त्याने नवीन कर्ज आणि तारण काढणं थांबावं, परतफेड कधीच थांबू नये. नाहीतर बंद काळात लोकांचं व्याज चढतं आणि उघडल्या क्षणी त्यांचं तारण जातं. तिघांपैकी निदान एकाने रात्री फोन उचलायचा, याची पाळी आत्ताच लावा. हल्ला झालाच तर आधी बटण, मग व्यवहारांचे हॅश (ओळख-क्रमांक) आणि पत्ते जपून ठेवा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. कंपनी म्हणून नोंदलेले असाल तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ६ तासांत कळवावं लागतं.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष स्वतःचं टोकन तारण म्हणून घेऊच नका. ईथ आणि यूएसडीसीवर चालवा, व्यापाऱ्यांच्या पैशाला तेवढं पुरतं. टोकनला दुसरा पूल मिळाला, खोली १० लाख यूएसडीसीच्या वर गेली आणि ती सहा महिने टिकली, की १५ टक्क्यांच्या मर्यादेने उघडा. तोवर ऑडिटरला 'ट्वॅप लावला' असं उत्तर पाठवू नका. मर्यादेचा आकडा, तो कसा काढला आणि फोर्कवरच्या चाचणीचा निकाल, हे तिन्ही पाठवा. चेन ठरली आणि एलपी कोणाकोणाकडे किती आहे ते कळलं की इथेच आकडे टाका, मर्यादेचं गणित त्यावर पुन्हा मांडून देतो.